दुखतं, पण आपल्यासारखं दिसत नाही

वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राणी

पाळीव प्राण्यांच्या दुखण्याविषयी प्रश्न मागवले होते. इंदूर आणि आसपासच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून आमच्या पशुवैद्यक आणि प्राणीवर्तन मंडळाने खाली उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या घरात रोजचा वाद आहे. नातू म्हणतो, कुत्र्यामांजरांना अगदी आपल्यासारखंच सुखदुःख असतं. त्याचे आजोबा म्हणतात, शेपटीवर पाय पडला की कुत्रं केकाटतं ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. बाकीचं सगळं आपण त्यांना चिकटवतो. कोणाचं खरं मानायचं?
(एक वाचक आजी, लोकमान्य नगर)

उत्तर : आजोबांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्ध्यावर थांबतात. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि ‘चटका बसला’ हे नंतर कळतं. हात मागे घेण्याचा निर्णय मज्जारज्जूतच होतो, मेंदूपर्यंत खबर त्यानंतर जाते. कातडीतले वेदनाग्राहक (इजा टिपणारी मज्जातंतूंची टोकं), तिथून निघणारे जलद आणि संथ असे दोन प्रकारचे मज्जातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू ही सगळी साखळी कुत्रा, गाय, उंदीर, माणूस या सगळ्या सस्तन प्राण्यांत एकाच घडणीची आहे. कुत्र्यातही तसंच होतं, तेव्हा नुसतं केकाटणं हा वेदनेचा पुरावा नाही, इथवर आजोबा बरोबर आहेत.

म्हणून संशोधक केकाटण्याकडे बघत नाहीत. ते बघतात की दुखापतीनंतर त्या प्राण्याच्या निवडी बदलतात का. २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंगड्या आणि धडधाकट ब्रॉयलर कोंबड्यांपुढे वेगवेगळ्या रंगांचं दोन प्रकारचं खाद्य ठेवलं होतं. एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं होतं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि ज्यांचा पाय जास्त वाईट त्यांनी आणखी जास्त. प्रतिक्षिप्त क्रियेला औषध निवडता येत नाही.

कॅनडातला २०१३ चा वासरांवरचा प्रयोग आम्हाला याहून बोलका वाटतो. पडद्यावर एक रंग दिसला की जवळ गेल्यावर दूध मिळतं आणि दुसरा दिसला की मिळत नाही, हे वासरांना आधी शिकवलं. मग त्या दोन रंगांच्या मधल्या छटा दाखवल्या, म्हणजे दूध मिळेल की नाही याची खात्री नाही. शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने डागल्यानंतर तीच वासरं या मधल्या छटांकडे कमी वेळा जाऊ लागली. दुखण्याने त्यांचा अंदाजच निराशेकडे झुकला. माणसाचंही असंच होतं.

सुखाची बाजूही तपासलेली आहे. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दाखवून दिलं की उंदरांना मानेवर, पोटावर गुदगुल्या केल्या की ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यामुळे हे कळायला खास उपकरण लागलं. हात थांबला की उंदीर हाताच्या मागे धावत. भीतीत आणि त्रासात तेच उंदीर २२ किलोहर्ट्झच्या आसपास लांब स्वर काढतात.

आता नातवाचं ‘अगदी आपल्यासारखं’. हेही जसंच्या तसं घेता येत नाही. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपल्या जिभेची आग होते, त्याला दाद देणारा ग्राहक (रिसेप्टर) सस्तन प्राण्यांत असतो. पक्ष्यांतला तोच ग्राहक त्या द्रव्याला जवळजवळ दाद देत नाही. म्हणून पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो. (या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आणि मिरची खाणारा आपला साधा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.) वेळेची जाणीवही वेगळी असते. हात मोडलेल्या माणसाला ठाऊक असतं की सहा आठवड्यांत प्लास्टर निघेल. गाईला हे कोणी सांगू शकत नाही. उद्याची काळजी तिला नसेल, पण हे दुखणं संपणार आहे हा दिलासाही तिच्याजवळ नाही. त्यामुळे प्राण्यांचं दुखणं आपल्यापेक्षा हलकंच असणार असं धरून चालायला आधार नाही.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा स्पष्ट लिहिलं की बोलून सांगता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे, माणसाच्या बाबतीतही आणि इतर प्राण्यांच्याही. पशुवैद्यकात यावरून साधा नियम पाळतात : जे आपल्याला दुखलं असतं ते त्यालाही दुखतंय असं धरून उपचार सुरू करायचे.

प्रश्न : आमचा बोका ११ वर्षांचा आहे. पूर्वी कपाटावर जाऊन बसायचा, आता दिवाणावरही चढत नाही. लंगडत नाही, ओरडत नाही, मांडीवर घेतलं की घुरघुरतो. वयच झालं ना? आणि दुखत असेलच तर घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी पाव तुकडा दिली तर चालेल का?
(तिलक नगर)

उत्तर : गोळीचं आधी. नाही, पाव तुकडाही नाही. आपलं यकृत ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने पॅरासिटामॉल निकामी करून लघवीवाटे काढून टाकतं, तो विकर मांजरात जवळजवळ नसतो; त्याचं जनुकच बिघडलेलं आहे. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा म्हणजे १२५ मिलिग्रॅम. ४ किलोच्या बोक्याला हे किलोमागे ३१ मिलिग्रॅम झालं, आणि मांजरांत किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याची नोंद आहे. गोळीतून तयार होणारं विष रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतं. काही तासांत हिरड्या गुलाबीच्या तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास भरभर चालतो. कोणी चुकून गोळी दिलीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गोळीचं पाकीट घेऊन ताबडतोब दवाखान्यात जा. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तर उपयोगाचा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं तर मांजर आणि कुत्रा दोघांनाही वर्ज्य : पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

आता वयाचं. १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा ९० जणांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली होती. तरी मांजर लंगडताना क्वचितच दिसतं, कारण झीज बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते. मग कोणता पाय उचलून धरणार? ते फक्त उड्या मारणं सोडतं. घरचे म्हणतात, शांत झाला. आमच्या मते मांजराच्या दुखण्यावर सगळ्यांत जास्त पांघरूण या एका शब्दाने पडतं.

घुरघुरण्यावर विसंबू नका. मांजर सुखात घुरघुरतं आणि दुखत असतानाही घुरघुरतं. त्यापेक्षा चेहरा बघा. कॅनडातल्या माँट्रियलच्या पशुवैद्यांनी २०१९ साली यासाठी मोजपट्टी बनवली, ती घरीही वापरता येते. बोका जागा असताना, पण खात, अंग चाटत किंवा ओरडत नसताना, त्याला हात न लावता अर्धा मिनिट बघायचं. कान : टोकं पुढे आहेत, की एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळली आहेत. डोळे : पूर्ण उघडे की किलकिले. तोंडाचा पुढचा भाग : गोल आणि सैल की ताणून लांबट झालेला. मिशा : सैल, वाकलेल्या, की सरळ ताठ होऊन पुढे आलेल्या. डोकं : खांद्यांच्या वर की खाली झुकलेलं. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. दहापैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाची गरज आहे असं धरतात. एक मर्यादा लक्षात असू द्या : ही पट्टी ताज्या, तीव्र दुखण्यासाठी आहे. सांध्यांचं जुनं दुखणं चेहऱ्यावर दिसेलच असं नाही. ते वागण्यात दिसतं. म्हणून आठवडाभर मोबाइलवर त्याची छोटी चित्रफीत घ्या : जिना चढताना, दिवाणावरून उतरताना, वाळूच्या ट्रेमध्ये जाताना. दवाखान्यात मांजर भीतीने दगडासारखं बसतं, तिथे डॉक्टरांना काहीच दिसत नाही. पाठीचा खालचा भाग चाटायचा राहून तिथे केसांच्या गाठी झाल्या असतील तर तेही सांगा. पाठ वळत नसल्याची ती खूण असते.

घरात लगेच करण्यासारखं : ट्रेची एक बाजू कापून जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटरवर आणा, दिवाणाशेजारी न घसरणारी चौरंगासारखी पायरी ठेवा, फरशीवर त्याच्या वाटेत सतरंजी टाका, वजन जास्त असेल तर उतरवा. औषध डॉक्टरांनी मांजराच्या वजनावर आणि मूत्रपिंडाच्या तपासणीवर ठरवायचं. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, जोर करतोय, लघवी थेंबथेंब किंवा अजिबात नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो.

प्रश्न : सांवेरजवळ आमचा गोठा आहे. वासराचे शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने जाळतो. वासरू दोन-चार मिनिटं हंबरतं आणि थोड्या वेळाने दूध प्यायला येतं. म्हणजे दुखणं तेवढंच ना? गावात पोट फुगलं तरी डाम देतात, त्याचं काय?

उत्तर : दूध प्यायला आलं यावरून दुखणं थांबलं असं ठरत नाही. गाय, शेळी, मेंढी ही शिकार होणाऱ्या प्राण्यांची जात. कळपात जो दुबळा दिसेल त्याच्यावर आधी झडप पडते, म्हणून दुखणं दडवणं हाच त्यांचा स्वभाव. वासराजवळ बसून बघितलं तर कळेल : डोकं झटकत राहतं, कान फडफडवतं, मागच्या पायाने डोक्याला खाजवू बघतं, भिंतीला डोकं लागलं की दचकून मागे सरतं. डागलेली जखम पूर्ण भरायला ६ ते ९ आठवडे लागतात आणि भरेपर्यंत ती जागा हुळहुळी असते.

कोंब काढायचेच असतील तर ते वासरू दोन महिन्यांचं होण्याआधी. त्यानंतर कोंब कवटीच्या हाडाला चिकटतो आणि जखम खोल होते. डॉक्टरांना बोलवा आणि जागा बधिर करूनच काम करवून घ्या. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कोंबाचं मूळ यांच्या साधारण मध्यावर, हाडाच्या कडेखालून शिंगाची नस जाते. तिथे २ टक्के लिग्नोकेनचं इंजेक्शन प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिलिलिटर देतात. चूक होते ती पुढच्या टप्प्यावर. सुई काढली की लगेच लोखंड लावतात. औषधाला निदान १० मिनिटं द्यायला हवीत, आणि कोंबाभोवती सुई टोचून वासरू हलत नाही याची खात्री करूनच डागायचं. दुसरी चूक अशी की बधिरपणा दोनेक तासांत उतरतो आणि खरं दुखणं तेव्हा सुरू होतं. म्हणून त्याच वेळी मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचंही इंजेक्शन मागा. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, एकदाच, निदान पहिला दिवस तरी निघतो.

मेलॉक्सिकॅमच का, तर डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली ती यानेच. माणसांसाठीच्या कुप्या आणून जनावराला टोचण्याचे प्रकार चालतात, ते गोठ्यात होऊ देऊ नका. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही २०२३ साली बंदी आली आहे.

डामाचा पोटफुगीवर काडीचा उपयोग नाही. पोटात वायू कोंडलेला आणि वर कातडी भाजलेली, असं दुहेरी दुखणं होतं. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली असेल तर जनावर उभं ठेवा, पुढचे पाय उंचवट्यावर येतील असं करा, नाळीने तेल पाजायच्या फंदात पडू नका (ठसका लागून ते फुप्फुसात जातं) आणि डॉक्टरांना बोलवा. मोठ्या गाईचं दुखणं ओळखायला रवंथ बघा. निरोगी गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते. रवंथ थांबलं, दात करकर वाजतात, पाठ कमानीसारखी वाकली, कान मागे आणि खाली गेले : एवढं दिसलं तर ताप नसला तरी तपासणी करवा. अवघड केस महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येते.

प्रश्न : आम्ही घरी नसताना कुत्र्याने चप्पल फाडली की परत आल्यावर कान पाडून, डोळे चोरून बसतो. त्याला आपलं चुकलं हे कळतं ना? आणि त्याचं प्रेम खरं की खाण्यापुरतं?
(रामबाग)

उत्तर : तो ‘अपराधी’ चेहरा २००९ साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी तपासला. १४ कुत्री होती. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. चेहरा पडला तो मालक रागावल्यावर, मग कुत्र्याने खाल्लं असो वा नसो. काहीही न केलेल्या कुत्र्यांचा तर जास्तच. तेव्हा तो चेहरा तुमच्या रागाला दिलेलं उत्तर आहे. दोन तासांपूर्वीच्या चपलेशी तो तुमचा राग जोडू शकत नाही. रागावून तो शिकणार नाही, फक्त तुमच्या दारात येण्याला घाबरू लागेल. चपला कपाटात ठेवा आणि चावायला त्याचं स्वतःचं काही द्या.

प्रेम खाण्यापुरतं नाही. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, तेच संप्रेरक जे आई आणि तान्ह्या बाळात वाढतं. पाळलेल्या लांडग्यांत हे आढळलं नाही.

मात्र प्रत्येक लाड त्याला आवडतोच असं नाही. मुलं मिठी मारतात आणि कुत्रा ओठ चाटतो, जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसतो. हे सगळे ‘पुरे’ म्हणण्याचे प्रकार आहेत. तपासायची सोपी रीत : छातीवर किंवा मानेच्या बाजूला तीन ते पाच सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो अंगावर रेलला, पंजाने हात ओढला, तर त्याला हवंय. जागचा हलला नाही किंवा अंग झटकून निघून गेला, तर पुरे. ही रीत मुलांना जरूर शिकवा. लहान मुलांना घरच्याच कुत्र्याने चावण्याचे कितीतरी प्रकार अशा न कळलेल्या ‘पुरे’तून होतात.

प्रश्न : सकाळी दुकानासमोरच्या कुत्र्यांना आणि एका मांजरीला उरलेले पोहे-जिलबी घालतो. तुटून पडतात. त्यांना आवडतं म्हणून रोज घातलं तर हरकत आहे का?
(मल्हारगंज)

उत्तर : पोह्यांतला कांदा ही मोठी हरकत आहे. कांदा, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. कुत्र्याला किलोमागे १५ ते ३० ग्रॅम आणि मांजराला अवघा ५ ग्रॅम कांदा बाधतो. म्हणजे ३ किलोच्या मांजरीला १५ ग्रॅम, एक मोठा चमचा. शिवाय रोज थोडा थोडा गेला तरी त्रास साठत जातो. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर होते, आणि तोवर पोह्यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

जिलबीचं म्हणाल तर मांजरीला गोड चवच कळत नाही, गोडीचा ग्राहक बनवणारं तिचं एक जनुक बंद आहे. ती तुपासाठी येते. कुत्र्याला गोड कळतं आणि आवडतंही, पण तळलेलं, तुपकट जास्त झालं तर त्याचं स्वादुपिंड सुजतं. पुढचे पाय टेकलेले आणि मागचा भाग वर, अशा मुद्रेत कुत्रा पुन्हापुन्हा दिसला आणि उलट्या होत असतील तर त्याचं पोट जबर दुखतंय. दिवाळीनंतरच्या आठवड्यात हे विशेष बघा. साधी पोळी, बिनमिठाचा भात, उकडलेलं अंडं घाला, आणि उन्हाळ्यात पाण्याचं मातीचं भांडं सावलीत ठेवा.

प्रश्न : मुलाच्या वरातीसाठी घोडी ठरवायची आहे. घोडीवाले म्हणतात, बँडवर नाचणं तिला आवडतं. खरं का?
(सुदामा नगर)

उत्तर : ते पाय उचलणं शिकवलेलं असतं, आणि बऱ्याचदा लगाम आणि काठी यांच्या जोरावर. घोड्याची कातडी जाड, म्हणून त्याला कमी दुखतं हा समजही चुकीचा. ऑस्ट्रेलियात २०२० साली माणसाची आणि घोड्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून बघितली : वरच्या थराची जाडी आणि त्यातले मज्जातंतू यांत फरक आढळला नाही.

ठरवायला जाल तेव्हा घोडी उभी असताना चेहरा नीट बघा. कान ताठ होऊन मागे वळलेले, पापणीवर ताण, डोळ्याच्या वरचं हाड उठून दिसणं, गालाचे स्नायू टणक, हनुवटी आवळलेली, नाकपुड्या ओढलेल्या, ही घोड्याच्या दुखण्याची ठरलेली लक्षणं आहेत. ओठांच्या कोपऱ्यांत जुन्या चिरा आहेत का बघा. तोंडातली कडी बाहेर काढून दाखवायला सांगा. काटे किंवा गाठी असलेली कडी वापरण्याला १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. ती दिसली तर त्या घोडीला होकार देऊ नका, आणि का देत नाही ते स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक विचारू लागलं की कडी बदलते. तंगाखाली (खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याखाली) दोन बोटं सहज गेली पाहिजेत. डीजेची गाडी घोडीच्या पुढे निदान २०-२५ मीटर ठेवा, फटाके तिच्या जवळ नकोत, आणि वरात लांबली तर मध्ये उतरून तिला पाणी पाजा.

तिला खरंच काय आवडतं हे बघायचं असेल तर मान आणि पाठ जिथे मिळतात त्या उंचवट्यावर बोटांनी जोरात खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून बघितलेलं आहे. मान लांबते, डोळे अर्धे मिटतात आणि वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागतो.

प्रश्न : मासा, खेकडा, मुंगी, झाड… दुखणं असण्याची रेघ नेमकी कुठे मारायची? आमच्याकडे माशांची टाकी आहे म्हणून विचारतो.
(अन्नपूर्णा रोड)

उत्तर : माशांबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. लिन स्नेडन यांनी २००३ साली ट्राउट माशाच्या चेहऱ्यावर तपासलेल्या ५८ ग्राहकांपैकी २२ वेदनाग्राहक निघाले. ओठांत सौम्य ॲसिटिक आम्ल टोचल्यावर माशांनी सुमारे तीन तास खाणं सोडलं आणि काही जण ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले. मॉर्फिन दिल्यावर हे कमी झालं. माशाला आपल्यासारखं मेंदूचं बाह्यक (कॉर्टेक्स, मेंदूचा बाहेरचा थर) नाही, म्हणून त्याला जाणीव नसावी असं मानणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. पण बाह्यक पक्ष्यांतही आपल्या घडणीचं नसतं, आणि लंगड्या कोंबड्यांचं वर सांगितलंच आहे.

खेकडे आणि ऑक्टोपस यांच्याबाबत पुरावा इतका साठला की ब्रिटनने २०२२ च्या प्राणी कायद्यात त्यांनाही जाणीव असलेले प्राणी मानलं. कीटकांचं चित्र अजून धूसर आहे. एकीकडे टोळाला पाठीमागून खाल्लं जात असताना तो पुढे पान कुरतडत राहतो. दुसरीकडे २०२२ साली लंडनमध्ये भुंग्यांसारख्या गुबगुबीत मधमाश्या कोणत्याही बक्षिसाविना लाकडी गोळे पुन्हापुन्हा लोटत खेळताना दिसल्या. झाडांना मज्जातंतू नाहीत, वेदनाग्राहक नाहीत, मेंदू नाही. जगदीशचंद्र बोसांनी वनस्पतींची संवेदनशीलता मोजली ती खरी, पण प्रतिसाद देणं आणि दुखणं यांत अंतर आहे. भाजी चिरताना जीव खालीवर करू नका.

टाकीत मासा दगडावर अंग घासत असेल, पर मिटून तळाशी बसला असेल किंवा वर येऊन तोंड उघडझाप करत असेल, तर औषध टाकण्याआधी पाणी तपासा. अमोनिया शून्य हवा. तो वाढला की कल्ले जळतात. अंदाजे चौथा हिस्सा पाणी दर आठवड्याला बदला, सगळं एकदम नाही, कारण अमोनिया पचवणारे जिवाणूही त्यात जातात. नर्मदेच्या नळाचं पाणी थेट ओतू नका. त्यातल्या क्लोरिनने कल्ल्यांना तोच त्रास होतो. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा क्लोरिन काढणारं द्रावण घाला, आणि टाकीच्या तापमानाला आल्यावर हळूहळू सोडा. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं कुजून पुन्हा अमोनियाच होतो.